वुनिवेसीचं जोतं

नेमानी रोज पहाटे पाचला मैदानावर जायचा आणि अठरा गलींच्या जागा बदलायचा. गोट्यांची गल असते तशीच गोल्फची गल, जरा खोल, आत पांढरा डबा बसवलेला. ती कायम एका जागी नसते हे खेळणाऱ्यांतल्या निम्म्यांनाही ठाऊक नसतं. तिथंच ठेवली तर भोवतालचं गवत पायाखाली मरतं. म्हणून कालची गल मातीच्या गड्ड्यानं बुजवायची आणि चार पावलांवर नवी पाडायची. कुठं पाडायची ते नेमानी ठरवणार. ब्रिस्बेनहून, ऑकलंडहून विमानं भरून माणसं यायची, पाच रात्री आणि चार फेऱ्या असं ठरवूनच आलेली. त्यातले डॉक्टर, वकील, बिल्डर सगळे नेमानी सांगेल तिथं चेंडू काढायला वाकायचे.

"गोऱ्याला कंबरेत वाकवणारा आमच्या फिजीत एकच माणूस," आपोरोसा म्हणायचा, "आणि तो निघावा खेकडे खाणाऱ्यांच्या गावचा. फुटकं नशीब आमचं."

"खेकडा निदान स्वतःच्या पायांनी चालतो," नेमानी म्हणायचा. "तू सायबाच्या बग्गीतून फिरतोस."

आपोरोसा हा नेमानीचा मामेभाऊ. आते-मामेभावांनी एकमेकांची वाटेल ती टवाळी करावी, बापाचा उद्धार करावा, आणि कुणी राग धरायचा नाही, अशी तिथली रीतच आहे. धरलाच तर बाकीचे त्यावरही हसतात. आपोरोसा रिसॉर्टवर चालीरीतींचा अधिकारी होता. म्हणजे इस्त्रीची सुलू, तिकडची लुंगी, नेसून पाहुण्यांना 'बुला' म्हणायचं आणि सायबाला कुणापुढं कसं बसायचं ते सांगायचं. ही नोकरी असते. पगारही असतो.

सातव्या गलीच्या डाव्या हाताला एक उंचवटा होता. कमरेइतका उंच, कडेनं काळे दगड रचलेले, वर गवत. ते वुनिवेसी, नेमानीच्या घराण्याचं जोतं. त्यावरचं घर पणजोबाच्या मुलांनीच सोडलं, गाव किनाऱ्याकडे सरकलं तेव्हा. पण घर गेलं म्हणून जोतं जात नाही. माणूस ओळखला जातो तो जोत्याच्या नावानं. दुसऱ्या गावची माणसं नेमानीच्या गावात, नाकोरोवाईत आली की यांगोनाची, पाण्यात कालवून प्यायची ती मुळं पुढं ठेवून म्हणायची, "वुनिवेसीच्या लोकांनो, हे घ्या." मग वुनिवेसीचा थोरला पुढं होऊन घ्यायचा. गावाच्या वतीनं घेणं आणि गावाच्या वतीनं बोलणं, हे त्या घराण्याचं काम. मान आला तर तो घ्यायचा, माफी आली तर तीही घ्यायची. आणि जोत्याच्या पोटात पणजोबा पुरलेला. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

जमीन कुळाची, रिसॉर्टला नव्याण्णव वर्षांच्या भाड्यानं दिलेली. मैदान आखलं गेलं तेव्हा मॅक्रे नावाचा म्हातारा न्यूझीलंडर नेमानीच्या बापाबरोबर सगळी जमीन पायी हिंडला होता. वुनिवेसीपाशी आल्यावर त्यानं टोपी काढली, चुन्याची रेघ जोत्याला वळसा घालून नेली आणि बापाच्या हातात हात दिला. कागदावर काही आलं नाही. हातात हात दिल्यावर वर कागद मागायचा म्हणजे समोरच्याला चोर म्हणण्यासारखं, असं बापाला वाटलं. या लोकांची ही खोडच आहे, आणि तिच्यापायी त्यांनी काय काय घालवलंय ते मोजायला बसू नये.

नेमानी सोळाव्या वर्षी कामाला लागला. एक्केचाळीस वर्षं जोत्यावरचं गवत त्यानं हातानं, कोयत्यानं कापलं. यंत्र कधी चढवलं नाही. चेंडू त्या दगडांवर आपटायचा आणि उडून तळ्यात पडायचा. जुने खेळणारे हसायचे, जोत्याला शिव्या घालायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचे. मग मालक बदलले. नवे पाहुणे सुट्टीचे पैसे मोजून आलेले. ते घरी परत जाऊन संगणकावर लिहायचे की सातवी गल अन्यायाची आहे.

नवा मॅनेजर केंड्रिक. वाईट माणूस नव्हता; असता तर एक बरं झालं असतं. तो नेमानीला तिथं घेऊन गेला आणि म्हणाला, "नेमानी, हा ढीग थोडा मागं सरकवता येईल का?"

"जोतं सरकवत नाहीत, साहेब."

"का?"

"तुम्ही तुमच्या आजोबांना सरकवाल?"

"माझ्या आजोबांना जाळलं."

"मग तुमचं सोपं आहे."

केंड्रिक हसला. म्हणाला, "ठीक. तुम्ही नाही म्हणता तर नाही." आणि नेमानीच्या हातात हात दिला.

मार्चमध्ये नेमानी सातव्या गलीशेजारचा वाळूचा खड्डा दंताळ्यानं सारखा करत होता. ब्रिस्बेनच्या एका दंतवैद्याचा चेंडू आला तो थेट डाव्या डोळ्यावर. दंतवैद्य गुडघ्यांवर बसून रडला. दुसऱ्या दिवशी उरलेली फेरी खेळला, कारण तिचे पैसे आधीच भरलेले होते. नेमानीला तीन आठवडे दवाखान्यात काढावे लागले. डाव्या डोळ्याला आता उजेड कळतो, माणूस कळत नाही. रिसॉर्टवरून फळांची करंडी आली. वर पारदर्शक कागद, आत सफरचंदं. पपईच्या देशात सफरचंदं.

महिना गेला आणि आपोरोसा घरी आला. आज टवाळी नाही, सरळ मांडी घालून बसला.

"साहेब दात घेऊन येणार आहेत," तो म्हणाला. "शनिवारी सकाळी आठला, गावच्या सभागृहात. रीतसर."

देवमाशाचा दात. काथ्याच्या दोरीला बांधलेला, हाताळून हाताळून पिवळा पडलेला. लग्न मागताना, मयताला जाताना, माफी मागताना तोच पुढं करायचा. त्याहून मोठं काही त्यांच्यापाशी नाही. एकदा घेतला की विषय संपला. पोलीस नाही, कोर्ट नाही, कुरबुर नाही. त्याला ते चूक पुरणं म्हणतात. एक्केचाळीस वर्षांत कुठल्याही मॅनेजरनं नाकोरोवाईत दात आणला नव्हता. नेमानीची मान ताठ झाली ती तिथंच. डोळ्याची भरपाई मागा म्हणून शाळामास्तर मागं लागला होता, त्याला नेमानीनं सांगून टाकलं, "नको. माणूस वाकून येतोय."

घरात आत्या होती, मकेरेटा, चौऱ्याऐंशीची. वुनिवेसी घराण्यात जन्मलेलं आता तेच एक माणूस त्याच्याहून मोठं. ती अळूची पानं निवडत होती.

"कशाबद्दल आणतोय तो दात?"

"डोळ्याबद्दल. दुसरं कशाबद्दल, आत्या?"

"विचारलंस?"

"माफी मागायला येणाऱ्याला कुणी विचारतं का, कशाकशाची मागतोस म्हणून?"

"मी विचारलं असतं."

"तुझी गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? मला लाज कमी, एवढंच ना?" ती पानाचा देठ मोडत म्हणाली. "आपोरोसा लाडू खाल्ल्यासारखं तोंड करून बसला होता. मला ते तोंड आवडलं नाही."

"तुला त्याचं तोंड कधीच आवडलं नाही."

"म्हणजे मी कधीच चुकले नाही."

शनिवारी सगळ्या मैदानकामगारांना भरपगारी सुट्टी मिळाली. रिसॉर्टच्या बसमधून त्यांना गावात आणलं. केंड्रिक चटईवर मांडी घालून बसला, फुलांचा सदरा, सुलूतून बाहेर आलेले लाल गुडघे. बोलायचं आपोरोसानं, केंड्रिकच्या वतीनं. दोन्ही हातांत दात धरून तो बोलू लागला आणि छान बोलला. घराण्यातच होतं ते त्याच्या. नेमानीच्या डोळ्याचं बोलला. परक्या देशातून आलेल्या माणसाच्या अडाणीपणाचं बोलला. शेवटी ठरलेले शब्द आले: दिसलेली चूक, न दिसलेली चूक, या जमिनीवर घडलेली आणि घडत असलेली, सगळी तुमच्या पायाशी.

'घडत असलेली' हे ठरलेल्या शब्दांत नसतं. नेमानीच्या कानाला ते लागलं. पण आपोरोसाला जास्तीचे दोन चमचे घालायची सवयच होती. मैदानाच्या बाजूनं यंत्राची घरघर येत होती. वाळूची गाडी आली असेल, असं नेमानीला वाटलं. आणि समोर वाकलेला गोरा माणूस, सगळं गाव बघतंय. नेमानी पुढं झाला, दात हातात घेतला, रीतीप्रमाणं नाकाशी नेला.

"मी हा घेतला," तो म्हणाला. "चूक पुरली. तिच्यावर गवत उगवो."

पोकळ तळव्यांच्या टाळ्या पडल्या. यांगोना कालवली. केंड्रिक नऊ करवंट्या प्याला आणि सगळ्यांना आवडला.

रविवारी चर्चमधून कुणी हलत नाही. सोमवारी पहाटे नेमानी सहावी गल पाडून पुढं गेला आणि थांबला. एका डोळ्यानं अंतर नीट कळत नाही. त्याला वाटलं, आपण अजून सहावीपाशीच आहोत. मग पुढं जाऊन त्यानं पाय टेकवून पाहिला. जमीन सपाट होती. वर वाळू आणि वाळूवर गवताच्या ताज्या पट्ट्या, सतरंजीसारख्या उलगडलेल्या, सांधे अजून दिसत होते. यंत्राच्या पट्ट्याची खूण तळ्यापर्यंत गेली होती. तो त्या पट्ट्यांवर उभा राहिला, मग बाजूला झाला, कारण त्यांच्यावर आठवडाभर पाय द्यायचा नसतो हे त्याला माहीत होतं.

सातला कामगार शेडमध्ये जमले. आपोरोसा दिवसाच्या कामांचा कागद घेऊन आला.

"तू माझ्या पणजोबावर यंत्र घातलंस," नेमानी म्हणाला.

"पणजोबा तुझा होता म्हणून यंत्र लागलं," आपोरोसा लगेच म्हणाला. "साध्या माणसाला फावडं पुरलं असतं."

शेड हसली. हसणारच. आते-मामेभाऊ बोलत होते.

"हसू नका रे," नेमानी म्हणाला. "या कुत्र्यानं माझं घर विकलं."

"घर नव्हतंच, नुसतं जोतं होतं. छप्पर टाकायला तुझ्या चार पिढ्यांना सवड झाली नाही."

"माझी आई तुझ्या घरची. तिनं तुला कडेवर वागवलं."

"त्याचीच कंबर दुखतेय अजून. वाकडी धरायची म्हातारी."

एकजण पोट धरून खाली बसला. नेमानीनं दंताळं उचलून फेकलं, ते खांबावर आपटलं. तेव्हा तर लोकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. इतका झकास सोहळा शेडमध्ये कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

माणसं पांगल्यावर आपोरोसा जवळ आला. आता तोही हसत नव्हता.

"तुला ठाऊक होतं," नेमानी म्हणाला.

"शुक्रवारी कळलं."

"आणि शनिवारी तू बोललास."

"बोललो. घडत असलेली म्हणालो की नाही? लपवलं नाही मी. तुझे कान कुठं होते?" आपोरोसानं कागदाची घडी केली. "माझ्या दोन मुली सुव्याला शिकतात. मी नाही बोललो असतो तर दुसरा कुणी बोलला असता, आणि इतकं नीट बोलला नसता."

ऑफिसात केंड्रिकनं नेमानीला खुर्ची दिली, कॉफी मागवली. तो खरोखर गोंधळला होता. "मला सांगितलं होतं की तुमच्याकडे हीच पद्धत असते. वकिलांना मी नको म्हणालो. म्हटलं, यांच्या रीतीनं करू. तुम्ही तो घेतलात, नेमानी."

"डोळ्यासाठी घेतला."

"सगळ्यासाठी, असं आपोरोसा म्हणाला." मग मऊ आवाजात, "दगड फेकले नाहीत आम्ही. अठराव्या गलीच्या तळ्याकडेला रचलेत. सुंदर दिसतात."

"आत काही सापडलं?"

केंड्रिकनं खिडकीबाहेर पाहिलं. "यंत्रवाल्यानं तसं काही सांगितलं नाही."

कुळाची बैठक नेमानीच्याच घरी झाली. तरुण म्हणाले, जमिनींच्या सरकारी मंडळाला पत्र लिहू, वर्तमानपत्रात जाऊ. शाळामास्तरानं तर मसुदा लिहूनसुद्धा आणला होता. कोपऱ्यात इनोके बसला होता. त्याचं घराणं कोळ्यांचं, पण बायको या कुळातली, म्हणून बोलावलेला. सात वर्षांपूर्वी इनोकेचा मुलगा ट्रॅक्टरखाली गेला. ट्रॅक्टरवाल्याच्या घरच्यांनी दात आणला आणि गावाच्या वतीनं तो नेमानीनं घेतला. नंतर कळलं की ट्रॅक्टरवाला त्या दिवशी प्यायलेला होता. इनोके ओरडत नेमानीच्या दारात आला होता.

आता तो हळूच म्हणाला, "मी काही सांगत नाही. तू तेव्हा मला म्हणाला होतास, पुरलेलं उकरायचं नसतं. तेवढं आठवलं."

मास्तरानं मसुद्याचा कागद वहीत ठेवून दिला.

"दात परत ने," आत्या आतून म्हणाली. "त्याच्या टेबलावर टाक आणि ये."

"टाकता येत नाही, आत्या."

"का? हात झडतील?"

"मी घेतलेलं परत केलं तर उद्या माझ्या हातात कोण काय देईल?"

"आणि आज कोण देतंय? जोतं नसलेल्याला?" ती बाहेर येऊन दारात उभी राहिली. "तुझ्या बापानं कागद मागितला नाही, तू शब्द मागितला नाहीस. मोठे लाजाळू पुरुष तुम्ही."

आठ दिवसांनी ती मुलीकडे लाउतोकाला निघून गेली. जाताना म्हणाली की मेले तर तिकडेच पुरा, इथं आता कुणाच्या शेजारी पुरणार?

नेमानी कामावर जात राहिला. लोकांना वाटलं सोडेल. सोडून कुठं जाणार? दुसरं त्याला येत काय होतं? नवी सातवी गल जूनमध्ये खुली झाली. फोटोवाला आला, आणि पहिली गल नेमानीनं पाडावी अशी केंड्रिकची इच्छा होती, मान म्हणून. नेमानीनं पाडली. एरवी गल पाडायच्या गोल सुरीला काळ्या मातीचा गड्डा येतो. इथं धुतलेली पांढरी वाळू आली आणि हातात भुगा होऊन पडली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ते सपाट हातांनी टाळ्या वाजवतात.

ऑक्टोबरमध्ये डोंगरातल्या गावाहून माइकेली आला. त्याच्या मुलानं नाकोरोवाईची एक मुलगी पळवून नेली होती. वर्षाला दोन-तीनदा घडणारी गोष्ट: पोरं पळतात, आठ दिवसांनी मुलाकडचे दात घेऊन येतात, मुलीकडचे तोंड फुगवून घेतात आणि सगळे जेवतात. माइकेली सत्तरीच्या पुढचा, अनवाणी, बरोबर दोन भाऊ आणि रताळ्यांचा ढीग. त्यानं दात पुढं धरला, शब्द म्हटले. दिसलेली चूक, न दिसलेली चूक. आणि दोन्ही हात लांब करून थांबला.

नेमानी उठला नाही.

"न दिसलेली कुठली?" तो म्हणाला.

सभागृहात कुणाला आपण नीट ऐकलं असं वाटलं नाही. माइकेलीलाही नाही. त्यानं पुन्हा शब्द म्हटले.

"ते ऐकलं," नेमानी म्हणाला. "मुलगी पळवली, ती दिसलेली. न दिसलेली कुठली, ते आधी सांगा. मग घेतो."

"नेमानी," मागून कुणीतरी पुटपुटलं.

म्हातारा विचारात पडला. दात जड असतो, आणि लांब धरलेला तर फारच. त्याचे दंड कापू लागले. तो सरळ माणूस होता. विचारलंय तर उत्तर द्यावं असं त्याला वाटलं.

"तीन वर्षांपूर्वी," तो म्हणाला, "तुमच्याकडचं एक डुक्कर आमच्या रताळ्यांत शिरलं होतं. आम्ही मारून खाल्लं. सांगितलं नाही."

कुणी हसलं नाही.

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"नक्की? आत्ता, आपण इथं बसलोय तेव्हा, तुमची माणसं तिकडे काय करतायत?"

माइकेलीच्या धाकट्या भावानं मान वर केली. म्हाताऱ्याच्या तोंडावर राग नव्हता, एवढ्या माणसांत धोतर सुटल्यासारखी लाज होती. त्याचे हात हळूहळू खाली यायला लागले. दात चटईला टेकला असता तर दोन गावं पंधरा वर्षं एकमेकांच्या मयताला गेली नसती. नेमानीला ते इतर कुणाहूनही जास्त ठाऊक होतं. आपण चुकीच्या माणसाला विचारतोय हेही त्याला कळत होतं. पण तोंडातून दुसरं काही येईना, आणि हात मांडीवरून उठेनात.

इनोके उठला. कंबरेत वाकून चटई ओलांडून गेला आणि म्हाताऱ्याचे हात खालून धरून त्यानं दात घेतला. हे त्याचं काम नव्हतं. त्याला शब्द अर्धेच येत होते, मधे तो अडला, मुलीच्या बापानं मागून आठवण करून दिली. चूक पुरली, असं तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या, आधी विस्कळीत, मग एकत्र.

यांगोना कालवली. करवंट्या मानाप्रमाणं फिरतात: पहिली माइकेलीला, दुसरी इनोकेला. नेमानीकडे आठवी आली. त्यानं एक टाळी वाजवली, प्याला, आणि करवंटी परत दिली.